सासूबाईंचा आजार आणि तुमचा रक्तदाब

पत्र:

माझं वय 49. गावातल्या पतसंस्थेत मी अकाउंट्स बघते. सासूबाई 78 वर्षांच्या आहेत. चार वर्षांपूर्वी त्यांना स्मृतिभ्रंश असल्याचं निदान झालं. पहिली दोन वर्षं निभावली. आता दिवस मावळायला लागला की 'मला घरी सोडा' म्हणून त्या दाराशी जाऊन उभ्या राहतात. रात्री तीन-चार वेळा उठतात, गॅस चालू करतात, कवळी तांदळाच्या डब्यात टाकतात. रोज झोपताना मी सिलिंडरचा रेग्युलेटर काढून ठेवते. ह्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. सकाळी लवकर माल उतरवून घ्यायचा असतो म्हणून ते वेगळ्या खोलीत झोपतात. धाकटे दीर पुण्यात, वन्सं कोल्हापुरात. दोघांचे रोज फोन येतात, आईला हे दे, ते देऊ नकोस.

दिवाळीनंतर माझा रक्तदाब 150/96 निघाला. तीन महिन्यांची सरासरी साखर 6.1. केस मुठीने गळतात, मान धरते, पोटात आग होते, छातीत धडधडतं. कुकरच्या वाफेने मनगट भाजलं, ते महिना झाला तरी भरलं नव्हतं. मार्च एण्डला एकच व्हाउचर दोनदा टाकलं. संध्याकाळी टॅली करताना मलाच सापडलं, पण आजवर असं कधी झालं नव्हतं. मलाही हाच आजार होतोय का? डॉक्टर म्हणाले, 'स्ट्रेस आहे, योगा करा.' हे म्हणाले, 'सगळ्या सुना करतात.' नुसत्या टेन्शनने खरंच एवढं होतं, की माझ्याच मनाचे खेळ आहेत? कधी मनात येतं, सासूबाईंचं आता आटोपलं तर बरं. मग स्वतःची किळस येते. आणि कधी वाटतं, रात्री झोपावं आणि सकाळी उठूच नये. मैत्रीण म्हणते अश्वगंधाच्या गोळ्या घे. घेऊ का?

– एक सून, सांगली जिल्हा

उत्तर:

ताई,

बाकीच्या प्रश्नांआधी तुमचं 'सकाळी उठूच नये' हे वाक्य घेतो. पार थकलेली माणसं असं बोलतात, आणि बहुतेकांना त्यातून फक्त विश्रांती हवी असते. तरीही मला सरळच विचारायला हवं: जीव द्यावा, अमुक प्रकारे द्यावा, असं कधी मनात आलंय का? आलं असेल तर हे उत्तर पुढे वाचायच्या आधी घरातल्या एका माणसाला सांगा आणि 14416 हा नंबर लावा. ही 'टेली मानस' नावाची सरकारी सेवा आहे. फोन फुकट, चोवीस तास चालू, आणि मराठीत बोलता येतं. असं काही आलं नसेल, तरी तो नंबर मोबाइलमध्ये टाकून ठेवा. आणखी दोन प्रश्न स्वतःला विचारा. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास, निराश होतं का? एरवी आवडणाऱ्या गोष्टींतही जीव रमेनासा झालाय का? दोन्हींपैकी एकाचं उत्तर जरी 'हो' असेल, तरी मानसोपचारतज्ज्ञांना भेटायचंच. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात ते असतात. नैराश्य हा उपचाराने बरा होणारा आजार आहे, आणि सतत ताण सोसणाऱ्यांना तो सहज गाठतो.

आता 'मनाचे खेळ'. तुमच्या यजमानांनाही हा भाग वाचायला द्या.

धोका दिसला की मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा छोटासा भाग जागा होतो. काही सेकंदांत अ‍ॅड्रिनलिन रक्तात येतं. त्याच्यामागून पिट्युटरी ग्रंथीचा निरोप मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना पोचतो आणि कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सुटतं. नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात, यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं. पचन, जखमा भरणं, पाळी ही 'नंतर बघू' अशी कामं मागे ढकलली जातात. अंगावर कुत्रा धावून आला तर हे सगळं अगदी हवंच. कुत्रा गेला की कॉर्टिसॉलच मेंदूला 'पुरे' म्हणून सांगतं आणि यंत्रणा थांबते. टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच असतो ना, तसंच हे. पण महिनोन्‌महिने दर रात्री दाराची कडी वाजली की तुम्ही दचकून उठणार असाल, तर तो स्विच ढिला पडतो आणि मोटर चालू राहते. दिवसा पतसंस्थेच्या काउंटरवर बसलात तरी शरीर रात्रीच्या दाराशीच उभं असतं.

ही समजूत काही आजकालची नाही. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने 1936 साली मॉन्ट्रियलमध्ये उंदरांवर प्रयोग केले. कुणाला थंडीत ठेवलं, कुणाला इजा केली, कुणाला बेसुमार पळवलं. त्रास वेगवेगळे, पण शरीरात सापडलं ते सगळीकडे एकच: अ‍ॅड्रिनल ग्रंथी फुगलेल्या, प्रतिकारशक्तीशी संबंधित थायमस ग्रंथी आकसलेली, जठराला जखमा.

तुमच्या मनगटाच्या बाबतीत तर मला उंदरांपर्यंत जायचीही गरज नाही. 1995 साली अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठाच्या जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि सहकाऱ्यांनी 13 बायकांना अभ्यासात घेतलं. त्या सगळ्या स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाला सांभाळत होत्या. त्यांच्या जोडीला त्याच वयाच्या, तशाच सांपत्तिक स्थितीतल्या, पण असं ओझं नसलेल्या 13 जणी घेतल्या. सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची एकसारखी जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. सांभाळणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. अभ्यास छोटा होता हे खरं, पण त्यानंतरच्या कामातूनही हीच दिशा दिसत राहिली. तर तुमचं मनगट महिनाभर भरलं नाही, यात कसले मनाचे खेळ? साखर फार वाढली तरी जखमा रेंगाळतात, पण 6.1 वर सहसा तसं होत नाही.

बाकीच्या तक्रारींचं सांगतो. मान धरते कारण खांद्यांचे स्नायू दिवसभर ताठ असतात. केसांचं गणित थोडं उलटं असतं. मोठ्या ताणानंतर पुष्कळसे केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि गळतात दोन-तीन महिन्यांनी, त्यामुळे कारण आणि परिणाम यांची सांगड आपल्याला लागत नाही. कॉर्टिसॉल सतत जास्त राहिलं की इन्सुलिनचं काम नीट होत नाही आणि चरबी पोटाभोवती साठते. 5.7 ते 6.4 हा मधुमेहाच्या उंबरठ्याचा टप्पा, तुम्ही नेमक्या त्यात आहात. इथून मागे फिरता येतं.

मात्र सगळंच टेन्शनच्या नावावर खपवू नका, आणि डॉक्टरांनाही खपवू देऊ नका. पोटातले अल्सर टेन्शनने होतात असं जग वर्षानुवर्षं म्हणत होतं. मग ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवून दिलं की बहुतेकांच्या मागे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू असतो. त्यांना 2005 साली नोबेल मिळालं. तेव्हा पोटातली आग थांबत नसेल तर ती तपासून घ्या. तुमचं वय 49. या वयात पाळी जायच्या सुमारास धडधड, घाम, झोपमोड, चिडचिड हे सगळं होतं. थायरॉइड बिघडला तरी केस गळतात आणि छाती धडधडते. हिमोग्लोबिन कमी असेल तरीही. बी-12 कमी असेल तर विसरायला होतं, हातापायांना मुंग्या येतात, आणि शाकाहारी घरांत हे फार आढळतं. म्हणून हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-12, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची तपासणी), कोलेस्टेरॉल, लघवीची तपासणी आणि एक ईसीजी एवढं करून घ्या. आणि एक धोक्याची खूण लक्षात ठेवा. बायकांचा हार्ट अ‍ॅटॅक दर वेळी छातीत कळ घेऊन येत नाही. जबडा, पाठ, दंड दुखणं, जिना चढताना एकाएकी दम लागणं, घाम सुटून मळमळणं यांपैकी काहीही झालं तर 'अ‍ॅसिडिटी असेल' म्हणत सोडा पिऊन बसू नका, थेट दवाखाना गाठा.

रक्तदाबाचं एकदाच मोजून भागत नाही. दंडाला पट्टा बांधायचं डिजिटल मशीन घ्या किंवा कुणाचं तरी मागून आणा. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, मग सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा मोजा, आणि सात दिवस आकडे वहीत लिहा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. ती तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली येईल. घरी मोजलेली सरासरी 135/85 किंवा त्याच्या वर असेल तर तो उच्च रक्तदाबच. मग डॉक्टर गोळी देतील ती घ्या. 'टेन्शन कमी झालं की उतरेल' म्हणून थांबणाऱ्यांची वाढलेली बीपी तोवर मेंदू, हृदय, मूत्रपिंडं यांच्यावर आपलं काम करतच असते. तोंडी लावायला रोज लोणचं-पापड असेल तर तेही कमी करा.

व्हाउचर. तुम्हाला सगळ्यात जास्त धसका त्याचाच बसलाय. सांभाळणाऱ्या जवळजवळ प्रत्येक माणसाला 'आता माझी पाळी' ही भीती वाटते. पण बघा, चूक तुम्हालाच सापडली, त्याच दिवशी सापडली, आणि ती कशी झाली हे तुम्हाला आजही आठवतंय. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला बहुधा उलटं होतं. चुका इतरांच्या लक्षात येतात आणि तो माणूस 'मी कुठे काय विसरलो' म्हणून भांडतो. तुमच्या बाबतीत कारण बरंच साधं आहे. दिवसभरात शिकलेलं, पाहिलेलं मेंदू रात्री झोपेत पक्कं करतो, आणि तुमची रात्र चार तुकड्यांत फाटलेली असते. शिवाय सतत वाढलेलं कॉर्टिसॉल हिपोकॅम्पस या स्मरणाच्या भागाला मानवत नाही. आधी झोप सुधारा आणि बी-12, थायरॉइड बघा. त्यानंतरही तीन-चार महिन्यांत फरक पडला नाही तर तपासणी जरूर करू.

आणि ती किळस. मी इतकी वर्षं दवाखाना चालवतोय. असा पेशंट असलेल्या घरातली बाई दार ओढून घेते, आवाज खाली आणते आणि हेच सांगते. मुलीही सांगतात, नुसत्या सुनाच नाहीत. इतके महिने धड न झोपलेल्या माणसाला हे कधीतरी संपावं असं वाटलं तर त्यात पाप शोधू नका. विचार मनात आला म्हणून तुम्ही सासूबाईंच्या तोंडचा घास काढून घेतलेला नाही. रेग्युलेटर तुम्ही कालही काढून ठेवला असणार. मात्र एखाद्या दिवशी हात उगारला गेला, त्यांना ढकललं गेलं, खोलीत कोंडावंसं वाटलं, तर ते लपवू नका. त्याच दिवशी कुणालातरी बोलवायचं आणि तुम्ही घराबाहेर पडायचं.

डॉक्टरांनी योगा सांगितला, त्यात चूक नाही. पाच सेकंद श्वास आत, पाच सेकंद बाहेर, असं दहा मिनिटं केलं तर नाडी शांत होते, रक्तदाबही थोडा उतरतो. पतसंस्थेतून येताना अर्धा तास भरभर चालत आलात तर साखरेलाही फायदा. पण त्यांनी तुम्हाला रात्री कोण उठतं हे विचारायला हवं होतं. झोप तीन तासांची राहिली तर सकाळच्या दहा मिनिटांच्या प्राणायामाने किती भरून काढायचं? तुमचा ताण रात्रीच्या त्या तासांत आहे, आणि ते तास दुसऱ्या कुणीतरी उचलल्याशिवाय तो कमी होणार नाही. माझा खरा सल्ला हा एवढाच आहे.

त्यासाठी यजमानांशी भांडू नका, रडूही नका. रडलं की 'हिला झेपत नाही' एवढंच ऐकू जातं. ते व्यापारी आहेत, त्यांना हिशेब दाखवा. उशाशी वही ठेवा आणि एक आठवडा नुसती नोंद करा: 11.40 उठल्या, बाथरूम. 1.15 दाराशी, 'घरी सोडा', वीस मिनिटं. 3.05 चादर ओली, बदलली. 5.10 दूध मागितलं. स्वतःच्या भावना त्यात लिहू नका, फक्त वेळा. आठवड्याने ती वही जेवणानंतर त्यांच्यापुढे ठेवा आणि सोबत रक्तदाबाचीही. मग ज्या दिवशी दुकानात माल येणार नसतो अशा तीन रात्री मागा. सौदा दोनवर तुटेल, तुटू द्या. पण त्या दोन रात्री लागोपाठ हव्यात, आणि त्या रात्री तुम्ही दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचं. शेजारी पडून राहिलात तर कडी वाजली की तुम्हीच उठणार.

दीर पुण्यात आहेत, ते रोज येऊ शकत नाहीत हे मान्य. पण पैसे येऊ शकतात. आठवड्यातून काही रात्री बसायला बाई मिळाली तर तिचा पगार त्यांनी द्यावा, असं यजमानांनीच फोनवर सांगायचं, तुम्ही नाही. वन्सं बहुधा म्हणतील, 'आईला महिनाभर माझ्याकडे आणते.' ऐकायला छान वाटतं, पण या आजारात जागा बदलली की गोंधळ वाढतो. अनोळखी घरात बाथरूमही सापडत नाही. त्यापेक्षा त्यांनी तुमच्याकडे येऊन चार दिवस राहावं आणि तुम्ही त्या चार दिवसांत माहेरी जावं. सूचनांचे फोन त्यानंतर आपोआप कमी होतात, हा माझा अनुभव आहे.

आणि 'सगळ्या सुना करतात' याच्यावर एक गंमत सांगतो. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी 2007 साली केंद्राने कायदा केला. त्यात 'अपत्य' म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. सुनेचं नाव त्यात नाही. मी तुम्हाला कोर्टात पाठवत नाहीये, सासूबाईंवर तुमची माया आहे हे पत्रात दिसतंच. पण आईची जबाबदारी मुळात कोणाची, हे घरातल्या तिघा भावंडांना एकदा ऐकू द्या.

सासूबाईंच्या बाजूनेही काही करता येतं. दिवस मावळताना होणारी त्यांची घालमेल या आजारात नेहमीची आहे. अंधार पडायच्या आधीच घरातले दिवे लावा. दुपारी तीननंतर झोपू देऊ नका, चारनंतर चहा नको. 'हेच तुमचं घर' असं समजावत बसू नका, त्याने त्याही चिडतात आणि तुम्हीही. हात धरून अंगणात एक फेरी मारा, त्यांच्या माहेरच्या विहिरीबद्दल, भावंडांबद्दल विचारा आणि परत आत या. रात्रीचं उठणं अलीकडे वाढलं असेल तर लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ किंवा कुठे दुखणं आहे का ते डॉक्टरांकडून बघून घ्या, त्यांना स्वतःला सांगता येत नसेल. सर्दीची किंवा अ‍ॅलर्जीची गोळी देऊन झोपवायचा घरगुती उपाय कुणी सुचवेल. तो अजिबात करू नका, त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी गोंधळ वाढतो आणि पडायची भीती असते. ज्येष्ठांसाठी 14567 ही सरकारी हेल्पलाइन आहे. जवळपास काय सोय आहे, ते तिथे विचारता येतं.

तुम्ही स्वतःही शेजारणीच्या पाकिटातली झोपेची गोळी घेऊ नका. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय लागते, आणि पहाटे तीनला उठावं लागलं तर तुम्हीच धडपडाल.

राहिली अश्वगंधा. काही छोट्या अभ्यासांत तिने ताण आणि कॉर्टिसॉल थोडं कमी झालेलं दिसलंय, त्यामुळे तुमची मैत्रीण अगदीच हवेत बोलत नाही. पण ती थायरॉइडच्या पातळीत बदल करू शकते, क्वचित यकृतालाही त्रास देते, आणि रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू झाल्या तर त्यांच्याबरोबर घ्यायची की नाही हे डॉक्टरांनीच ठरवायला हवं. टीएसएचचा रिपोर्ट येऊन तो त्यांना दाखवेपर्यंत विकत घेऊ नका.